आधी उपचार, मग बोलणी

गोव्यात हणजूण किंवा हरमलच्या किनाऱ्यावर पाठीवर भलीमोठी सॅक घेतलेले परदेशी तरुण दिसत, तेव्हा आपल्या पिढीला त्यांचे नवल वाटे. घरदार सोडून, स्वस्तातल्या खोलीत राहून, महिनोन्‌महिने ही मुले हिंडतात तरी कशी, असा प्रश्न पडे. आता तीच सॅक आपल्या नातवंडांच्या पाठीवर आली आहे. पदवी हाती पडली, पहिली नोकरी लागली किंवा दोन नोकऱ्यांच्या मध्ये महिनाभराची सवड मिळाली, की मुले थायलंड, व्हिएतनाम, लाओस, बाली किंवा युरोपच्या वाटेला लागतात. अनोळखी गावी रात्री उतरायचे, आठ खाटांच्या खोलीत झोपायचे, दोन दिवसांच्या ओळखीवर पुढचा प्रवास एकत्र करायचा, असा हा शिरस्ता.

प्रवास माणसाला शहाणे करतो, याविषयी दुमत नाही. मात्र या प्रवासातल्या एका धोक्याचा उच्चार घरात सहसा होत नाही. तो धोका म्हणजे अमली पदार्थ. ‘आमचा मुलगा तसला नाही’ म्हणून आईवडील विषय टाळतात आणि ‘उगीच काळजी करतील’ म्हणून मुले गप्प राहतात. अशा वेळी आजी-आजोबांचे स्थान मोलाचे ठरते. आईवडिलांना न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी नातवंडे आजीच्या कानात सांगतात. म्हणून हा विषय आज मुद्दाम ज्येष्ठ वाचकांपुढे मांडत आहोत.

पुडीत काय आहे?

२०१४ च्या अखेरीस नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम शहरात तीन ब्रिटिश पर्यटक दगावले. रस्त्यावरच्या विक्रेत्याने ‘कोकेन’ म्हणून विकलेली पांढरी पूड वास्तविक हेरॉइन होती. दिसायला दोन्ही सारख्याच, पण शरीरावरचा परिणाम अगदी उलट. कोकेन हृदयाला आणि मेंदूला चाबूक मारून पळवते. हेरॉइन श्वास मंद करत करत थांबवते. कोकेनच्या मापाने हेरॉइन नाकात ओढले, तर प्राणावरच बेतते.

त्यानंतर शहराच्या प्रशासनाने रस्तोरस्ती मोठे प्रकाशफलक उभारले. पर्यटकांना कोकेनच्या नावाखाली अत्यंत घातक पदार्थ विकला जात आहे, त्रास झाल्यास ११२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, असा इशारा देण्यात आला. आणि त्याबरोबरच, सेवन केले म्हणून तुम्हाला अटक होणार नाही, असेही पर्यटकांना आवर्जून सांगितले गेले. या आश्वासनामागचे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. विषाइतकाच विलंबही जीव घेतो, आणि विलंबाचे मूळ बहुधा भीतीत असते. पोलिसांची भीती, आणि आपल्याकडे त्याहून मोठी असते ती घरच्यांची.

अवैध मालाला लेबल नसते, मात्रा नसते आणि मुदतही नसते. कोकेन शुद्ध असले तरी ते हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते; पंचविशीतल्या, धडधाकट तरुणालाही त्यामुळे हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. ‘एक्स्टसी’ किंवा एमडीएमए ही नाचगाण्याच्या रात्रींत फिरणारी गोळी शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत वाढवते. दमट हवा, गर्दी आणि तासन्‌तास नाच यांची तीत भर पडते. तहान लागते म्हणून नुसते पाणी अतोनात प्यायले, तर रक्तातील सोडियम घटून झटके येऊ शकतात. नैराश्यावरील काही औषधांबरोबर हीच गोळी घेतल्यास सेरोटोनिन या रसायनाचा अतिरेक होऊन जिवावर बेतते. नातवंड अशी औषधे घेत असेल, तर ही माहिती त्याला डॉक्टरांकडून प्रवासापूर्वीच मिळाली पाहिजे. मात्र त्या भीतीने चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये, हेही त्याच वेळी सांगावे.

रात्रीच्या लांब बसप्रवासात झोप लागावी म्हणून सोबतचा प्रवासी एखादी गोळी देऊ करतो. ही गोळी पाकिटातली असली तरी खरीच असेल असे नाही. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात अलीकडे बनावट झोपेच्या व वेदनाशामक गोळ्यांमध्ये ‘नायटाझीन’ गटातील कृत्रिम द्रव्ये सापडली आहेत. १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत तयार झालेली ही द्रव्ये औषध म्हणून कधी बाजारात आलीच नाहीत, इतकी ती तीव्र आहेत. त्यांचा अत्यल्प अंशही श्वास थांबवू शकतो.

आग्नेय आशियातील काही खाणावळींच्या पदार्थयादीत ‘हॅपी’ पिझ्झा किंवा ‘हॅपी’ शेक लिहिलेला असतो. नाव निरागस, पण त्यात गांजा किंवा नशा आणणारी अळंबी असू शकते. गांजा पोटातून गेला, की अंमल चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. काहीच होत नाही असे समजून मुले दुसरा तुकडा खातात आणि मग एकदम छातीत धडधड, भ्रम, जीव जातो की काय अशी भीती, असे सारे एकत्र उसळते. घरात कुणाला तीव्र मानसिक आजाराचा इतिहास असेल, तर त्या मुलाला हा धोका अधिक.

आणखी एक प्रकार दिसायला खेळासारखा असतो. फुग्यात भरलेला ‘हास्यवायू’, म्हणजे नायट्रस ऑक्साइड. हा वायू शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. ब-१२ ची कमतरता म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. हातापायांना मुंग्या आणि महिन्याची इंजेक्शने अनेकांच्या परिचयाची आहेत. शाकाहारी घरांतील तरुणांमध्येही ते मुळात कमी असण्याचा संभव असतो. अशा मुलाने वारंवार फुगे ओढले, तर मज्जारज्जूला इजा होऊन चालताना तोल जाणे, पाय बधिर होणे, इथपर्यंत मजल जाते.

आणि दारू? ती अवैध नसली तरी तिच्यात मिसळलेले विष अवैधच असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधील वांग विएंग या तरुण प्रवाशांच्या आवडत्या गावी मिथेनॉलमिश्रित मद्यामुळे सहा परदेशी पर्यटकांचा मृत्यू झाला. मुंबईकरांना २०१५ चे मालवणीचे विषारी दारूकांड आठवत असेल. शंभरहून अधिक जीव घेणारे विष तेच होते. मिथेनॉलचा कपट असा, की सुरुवातीला ते साध्या दारूसारखेच वाटते. बारा ते चोवीस तासांनी पोटदुखी, उलट्या, धाप आणि डोळ्यांपुढे धुके येणे ही लक्षणे दिसू लागतात. ‘कालची उतरली नाही’ असे म्हणून मुले झोपून राहतात आणि उपचाराची वेळ निघून जाते. दृष्टी अंधूक होणे हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा इशारा. वेळेवर रुग्णालय गाठले, तर त्यावर उतारा देणारे औषध आणि डायलिसिस यांनी जीव आणि डोळे वाचू शकतात.

तिथला कायदा आपल्याला ओळखत नाही

ॲम्स्टरडॅमसारखे आश्वासन सर्वत्र मिळत नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. सिंगापूरमध्ये ५०० ग्रॅमहून अधिक गांजा किंवा १५ ग्रॅमहून अधिक शुद्ध हेरॉइन यांच्या तस्करीला देहदंडाची तरतूद आहे. पदार्थ असलेली वस्तू ज्याच्या ताब्यात सापडली, त्याला त्याची जाणीव होती असे तिथला कायदा गृहीत धरतो. जाणीव नव्हती हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. इंडोनेशियाने २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी परदेशी नागरिकांना गोळ्या घालून देहदंड दिला. बाली हे नितांतसुंदर बेट त्याच देशात आहे. संयुक्त अरब अमिरातीत तर रक्तात किंवा लघवीत अंश सापडणे हाही गुन्हा ठरू शकतो. आधी दुसऱ्या देशात सेवन करून परतीच्या वाटेवर दुबईत उतरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

थायलंडबाबत तरुणांचा विशेष गोंधळ असतो. जून २०२२ मध्ये त्या देशाने गांजा अमली पदार्थांच्या यादीतून वगळला आणि गल्लोगल्ली दुकाने निघाली. जून २०२५ मध्ये सरकारने पुन्हा लगाम घातला आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट आणली. दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राचा सल्ला म्हणूनच आज कुचकामी ठरतो. शिवाय तिथे जे दुकानात मिळते, ते घेऊन परतणे हा आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडून मुंबई विमानतळावर ‘हायड्रोपोनिक’ गांजा पकडल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचनात येतात. त्यांत मोफत सहलीच्या आमिषाने सामान वाहून आणणारे तरुणही असतात.

घरातून जाणारे सामान

आतापर्यंतचे सारे नातवंडांना सांगण्यासाठी होते. यापुढचे थोडे आपल्यासाठी आहे, कारण सॅक भरताना आपलेही हात लागतात.

गुडघेदुखीसाठी आजोबांना दिलेल्या ट्रामाडॉलच्या चार गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची बाटली, झोपेसाठीची अल्प्राझोलाम असे सारे ‘असू दे, अडीअडचणीला लागेल’ म्हणून आपण प्रेमाने सॅकच्या कप्प्यात सरकवतो. कित्येक देशांत ही औषधे कडक नियंत्रणाखाली आहेत. २०१७ मध्ये एक ब्रिटिश महिला ट्रामाडॉलच्या २९० गोळ्या घेऊन इजिप्तमध्ये उतरली आणि तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण अधिक असलेली सर्दीची औषधेही नेता येत नाहीत. म्हणून दुसऱ्याच्या नावाचे औषध नातवंडाबरोबर कधीही देऊ नये. त्याचे स्वतःचे औषध मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, प्रवासापुरतेच द्यावे आणि त्या त्या देशाच्या दूतावासाच्या सूचना आधी पाहून घ्याव्यात. मधल्या विमानतळाच्या देशाचेही नियम पाहावेत.

दुसरी वस्तू स्वयंपाकघरातली. खसखस! अफूच्या बोंडातले हे बी आपल्या अनारशांवर, करंजीच्या सारणात आणि डिंकाच्या लाडवांत हमखास असते. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथे ते नेण्यास बंदी आहे. आखाती विमानतळावरून जाणाऱ्या मुलाच्या डब्यात फराळ घालायचा असेल, तर शेव, चकली, बेसनाचे लाडू भरपूर द्यावेत. खसखशीचे पदार्थ घरी परतल्यावर खाऊ घालावेत.

तिसरी गोष्ट म्हणजे लोकांनी दिलेली पाकिटे. ‘तिकडे जातोच आहेस, तर एवढे घेऊन जा,’ हे वाक्य आपल्या संस्कृतीत नाकारणे जड जाते. २०१९ मध्ये मुंबईतील एका तरुण दांपत्याला नात्यातल्याच एका स्त्रीने कतारची सहल घडवली आणि सोबत एक पाकीट दिले. दोहा विमानतळावर त्यातून सुमारे चार किलो चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गर्भवती होती, बाळाचा जन्म तुरुंगात झाला. भारतीय यंत्रणांनी तपास करून त्यांची फसवणूक उघड केली, फेरविचार झाला आणि २०२१ मध्ये निर्दोष सुटून ते घरी परतले. इतक्या सुदैवाची खात्री कुणी देऊ शकत नाही. नातवंडाला नकार देण्याचा संकोच वाटत असेल, तर तो नकार आपण द्यावा. ‘आमच्या घरात दुसऱ्याचे सामान न्यायचे नाही असा नियम आहे,’ हे वाक्य वडीलधाऱ्यांच्या तोंडून आले, की समोरचा फारसे रागावत नाही.

वेळ आलीच तर

पुष्कळदा आपला मुलगा काहीच घेत नाही. घेतो तो त्याचा चार दिवसांचा मित्र. तेव्हा पुढील गोष्टी प्रत्येक प्रवाशाला ठाऊक असाव्यात.

कुणी हाका मारूनही जागे होत नसेल, ओठ निळसर पडले असतील, श्वास फार सावकाश चालत असेल किंवा घशातून घुरघुर येत असेल, तर ती झोप नव्हे. ‘झोपू दे, सकाळी उठेल’ या वाक्याने अनेकांचा घात केला आहे. त्याला कुशीवर वळवावे, वरचा पाय गुडघ्यात दुमडून आधार द्यावा, तोंड किंचित खाली झुकते ठेवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. श्वास थांबला असेल, तर रुग्णवाहिकेच्या फोनवरून मिळणाऱ्या सूचनांप्रमाणे छातीवर दाब द्यावा. त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. आपले घरगुती उतारे, म्हणजे लिंबूपाणी, ताक, मिठाच्या पाण्याने उलटी काढणे, यांतले काहीही बेशुद्ध माणसावर करू नये. अंग तापले असेल, तर सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, गार पाण्याने अंग पुसावे आणि वारा घालावा.

रुग्णवाहिका ताबडतोब बोलवावी. युरोपीय संघाच्या सर्व देशांत ११२, थायलंडमध्ये १६६९. थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५. काय घेतले, किती घेतले, केव्हा घेतले, हे डॉक्टरांना खरे सांगावे. हेरॉइनच्या जातीच्या विषावर नॅलोक्सोनसारखा उतारा आहे, मिथेनॉलवर वेगळा. खरी माहिती मिळाली तर योग्य उपचाराला विलंब होत नाही. काही देशांत रुग्णालयातून पोलिसांना कळवले जाण्याची शक्यता असते, हे मान्य. तरीही खटल्याला तोंड देता येते, गेलेला जीव परत येत नाही.

अटक झालीच, तर आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार मिळतो. न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये, दुभाष्या मागावा. घरच्यांनी भारतीय दूतावासाशी आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर संपर्क साधावा. दूतावासाचे अधिकारी भेट घेऊ शकतात, वकिलांची नावे देऊ शकतात, घरी निरोप पोचवू शकतात. तिथल्या न्यायालयाचा निकाल मात्र ते बदलू शकत नाहीत. ‘अमुक रक्कम द्या, सोडवून आणतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे.

आपल्या फोनवरचा सापळा

नातू परदेशी आहे, हे कळले की भामटे त्याचाही उपयोग करतात. ‘तुमचा नातू अमली पदार्थांसह पकडला गेला आहे, ताबडतोब पैसे पाठवा, कुणाला सांगू नका,’ असा फोन येतो. कधी गणवेशातला माणूस व्हिडिओवर दिसतो आणि ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगतो. भारतीय कायद्यात अशी अटक नाही. फोन बंद करावा, नातवाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन लावावा, तो लागला नाही तर घरातल्या दुसऱ्या माणसाला उठवावे. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवावी. नातवंड निघण्यापूर्वीच एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवला, तर खरेखोटे चटकन कळते.

निघण्यापूर्वी एक संध्याकाळ

उपदेशाचे पाढे मुले ऐकत नाहीत. प्रश्न विचारले तर बोलतात. ‘तिथे कुणी काही देऊ केले तर काय करशील?’ असे सहज विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. उघड्या ग्लासातले पेय घेऊ नये, फुकटच्या मद्याला हात लावू नये, आपली सॅक दुसऱ्याच्या हवाली करू नये, एवढे तीन नियम पुरेत. प्रवासविमा घ्यावा, पण नशेत घडलेल्या अपघाताची भरपाई बहुतेक विम्यांत मिळत नाही, हे आधी वाचून घ्यावे. राहण्याचे पत्ते, पासपोर्टची प्रत, दूतावासाचा क्रमांक एका कागदावर लिहून घरात ठेवावा.

आणि शेवटी, आपल्या तोंडून एक वाक्य त्याने ऐकलेले असावे: “काहीही घडले, कुणाचीही चूक असली, तरी आधी मदत माग आणि मग मला फोन कर. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी कर. मी आधी तू कसा आहेस ते विचारीन.” हे वचन दिले, की ते पाळायचीही तयारी हवी. फोन आलाच, तर पहिल्या पाच मिनिटांत ‘का केलेस’ हा प्रश्न येता कामा नये. श्वास नीट आहे का, सोबत कोण आहे, रुग्णवाहिका बोलावली का, एवढेच विचारावे. बोलणी खाण्यासाठी मुले घरी सुखरूप यावी लागतात.

परतल्यावर झोप उडालेली, सतत घाबरलेले किंवा गप्प गप्प असे नातवंड दिसले, तर कुटुंबाच्या डॉक्टरांकडे न्यावे. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे मोफत राष्ट्रीय क्रमांक आहेत. ते आजच दूरध्वनीशेजारच्या वहीत उतरवून ठेवावेत.